उलटा खिळा

काडेपेटी असो, बिस्किटाचा पुडा असो की बसचं तिकीट असो, काका ते हातात घेत आणि आधी उलटं धरून वाचत. अक्षरांचं डोकं खाली, पाय वर. बघणाऱ्याला वाटे, म्हाताऱ्याला वाचता येत नाही आणि उगाच ऐट करतोय. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. मी उपकार केल्याच्या सुरात म्हणालो, "काका, उलटं धरलंय तुम्ही."

"मी बरोबरच धरलंय," ते म्हणाले. "सुलटं वाचताना डोळा पुढे पळतो. शब्द ओळखीचा दिसला की पुढचं आपणच मनाने वाचून टाकतो. उलटं धरलं की एकेक अक्षर बघावं लागतं." मग त्यांनी बिस्किटाचा पुडा माझ्याकडे सरकवला. "यात एक वेलांटी चुकली आहे. वाचणारा वाचेल."

'वाचणारा वाचेल' हे त्यांचं पालुपद होतं. लग्नपत्रिकेचा गठ्ठा गिऱ्हाइकाच्या हातात देताना, भिंतीवरची जाहिरात बघताना, सरकारी नोटीस चाळताना ते हे वाक्य हमखास म्हणत. त्याचे दोन अर्थ होतात हे तुम्हाला सांगायला नको. त्यातला कोणता अर्थ काकांच्या मनात असे, हे समजायला मला मात्र काही वर्षं लागली.

चिंचवडला मुंबई-पुणे रस्त्यालगत आमचं गॅरेज होतं. जुन्या विलायती गाड्या दुरुस्त करण्याबद्दल त्याचं नाव होतं. आज अशा गाड्यांचे फोटो लोक कौतुकाने दिवाणखान्यात लावतात, आम्ही मात्र त्यांना सरळ खटारे म्हणत होतो. मी तिथे पार्ट आणि हत्यारांचं स्टोअर सांभाळायचो, म्हणून लोकांनी माझं नाव टाकून दिलं आणि मला 'स्टोअर' म्हणायला सुरुवात केली. समोरच काकांचा छापखाना. पायाने दाबून चालवायचं एक ट्रेडल मशीन, खिळ्यांनी भरलेली लाकडी कप्प्यांची घोडी, आणि मध्ये स्टुलावर बसून खिळे जुळवणारे काका. खिळे म्हणजे शिशाचे टाइप. एकेक अक्षर एकेका खिळ्यावर. काकांचं आयुष्य त्या खिळ्यांवर उलटी अक्षरं वाचण्यात गेलं होतं, म्हणून सगळं जग ते उलटं धरत.

अक्षराच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत. एकदा निगडीचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला आले. नमुना म्हणून त्यांनी कुठलीशी जुनी पत्रिका आणली होती आणि तिच्यावर 'निमंत्रण' ऐवजी 'निमंञण' असं छापलेलं होतं. काकांनी दुरुस्त करतो म्हटलं. गृहस्थ म्हणाले, "नको. तसंच ठेवा. दिसायला भारदस्त दिसतंय."

"लग्न तुमचं आहे, अक्षर माझं आहे," काका म्हणाले.

गृहस्थ पत्रिका उचलून पिंपरीच्या छापखान्यात गेले. काकू आतून सगळं ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "आमच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा हे माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. भटजींच्या हातातल्या मंगलाष्टकांच्या कागदात चूक शोधत होते."

"सापडली होती," काका म्हणाले.

असा माणूस खोटी लेबलं छापेल असं तुम्हाला वाटेल का? मलाही वाटलं नसतं. पण छापली, आणि बरीच वर्षं छापली.

सुरुवातीला आजूबाजूच्या कारखान्यांची किरकोळ कामं काकांकडे येत. गेटपास, कँटीनची कुपनं, सूचनेचे कागद. कारखाने मोठे झाले तशी ती कामं पुण्याच्या मोठ्या ऑफसेट छापखान्यांकडे गेली. काकांकडे उरली लग्नं आणि बारशी, आणि तीही निमंत्रणातला 'त्र' नीट छापू देणारी. अशा वेळी रस्त्यापलीकडचा एक पार्टवाला त्यांच्याकडे आला. तेव्हा विलायती गाड्यांचे सुटे भाग बाहेरून येणं जवळजवळ बंद झालं होतं. गाड्या तर रस्त्यावर होत्या. पार्टवाला कुठल्याशा शेडमध्ये रबराचे आणि पितळेचे भाग पाडून घेई आणि ते विलायती वाटणाऱ्या खोक्यात घालून विकी. खोकं देशी, माल देशी, फक्त लेबल विलायती दिसायला हवं होतं. पिवळ्या कागदावर निळी अक्षरं, आणि मधोमध इंग्रजीत मोठा शब्द, 'जेन्युइन'. म्हणजे अस्सल.

ती लेबलं काकांच्या छापखान्यात दोरीवर वाळताना मी पाहिली. आमच्या गॅरेजमध्ये येणारी खोकी मला पाठ होती. मी म्हणालो, "काका, हे काय करताय?"

"कागद छापतोय. माल मी बनवत नाही आणि विकतही नाही."

हे वाक्य त्यांनी बहुधा स्वतःलाच इतक्या वेळा ऐकवलं असणार की ते पाठ म्हटल्यासारखं बाहेर आलं. मी उठायला लागलो तेव्हा त्यांनी एक लेबल दोरीवरून काढून माझ्या हातात दिलं. "हे बघा. त्या मोठ्या शब्दात शेवटून दुसरं अक्षर बघा."

इंग्रजी लहान 'एन' तुम्हाला डोळ्यांपुढे आणता येईल. पालथी घातलेली वाटी. छपाईतला त्याचा खिळा उलटा बसवला तर तो 'यू'सारखा दिसतो, म्हणजे उताणी वाटी. 'जेन्युइन'मध्ये शेवटून दुसरं अक्षर 'एन' आहे. काकांच्या लेबलावर त्या जागी उताणी वाटी होती. प्रत्येक लेबलावर होती.

"एक खिळा मी मुद्दाम उलटा बसवतो," ते म्हणाले. "पार्टवाल्याला आजवर कळलेलं नाही. पण ज्याला बघायचंय त्याला कळेल की हे खोटं आहे. वाचणारा वाचेल."

तेव्हा मला कळलं की काकांच्या मनात दुसरा अर्थ होता, जो वाचेल त्याचा जीव वाचेल. पोटासाठी खोटं छापायचं आणि मनासाठी त्यात एक खूण ठेवायची, असा त्यांनी स्वतःशी तह केला होता. मला तो तह पटला नाही, पण त्यांचा रागही आला नाही. मी फक्त एवढंच म्हणालो की काका, गॅरेजमधली माणसं खोक्याचा रंग बघतात, अक्षर कुणी बघत नाही.

"मग बघायला शिकवू," काका म्हणाले.

आमच्याकडे ब्रेकचं काम दगडू मिस्त्री करायचा. तळवड्याचा माणूस. शाळेचं तोंड न पाहिलेला, बोलायला मोकळा, आणि एका नियमाला पक्का. ब्रेकचं काम केलेल्या गाडीची पहिली फेरी तो स्वतः मारायचा. गाडीच्या मालकानेही आधी बसायचं नाही. "माझ्या हाताचं हाय, तर आदी माझाच जीव," असं तो हसत म्हणे. जुन्या गाड्यांच्या ब्रेकच्या सिलिंडरात रबराची एक छोटी वाटी बसते. तेलाचा दाब तीच धरून ठेवते. ती फुगली किंवा फाटली की पायाखालचा ब्रेक पोकळ होतो. आमच्या गॅरेजात तिला वाटीच म्हणत, आणि काकांची सगळ्यात जास्त लेबलं त्या वाटीच्याच खोक्यांवर लागत.

काकांनी दगडूला बोलावून समोर बसवलं.

"आवो काका, मला कुटलं इंग्रजी येतंय? मला मराठी बी येत न्हाई," दगडू म्हणाला.

"वाचायचं नाहीच. फक्त बघायचं. शेवटून दुसरं अक्षर. वाटी पालथी आहे की उताणी?"

दगडूने खोकं डोळ्यांजवळ नेलं. "उताणी हाय."

"मग माल परत. पालथी असेल तर खरा."

"एवढंच व्हय? आयला, मंजी आमी बी शिकलो म्हणायचं."

तो खरंच हरखला. गॅरेजमध्ये जो येईल त्याला आपण एक अक्षर शिकल्याचं सांगू लागला. घरी जेवायला बसला की ताटातली वाटी पालथी घाली आणि बायकोला म्हणे, "ही खरी." मग सुलटी करून, "ही खोटी." बायको म्हणे, "मंग आमटी कशात वाढू, खऱ्यात का खोट्यात?" हे त्यानेच आम्हाला येऊन सांगितलं आणि काका कधी नव्हे ते मोठ्याने हसले.

त्यानंतर उताणी वाटी असलेली खोकी आमच्याकडून परत जाऊ लागली. दगडूने दुसऱ्या मिस्त्रींना सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला. बघता बघता पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या गॅरेजांत ही खूण माहीत झाली. इंग्रजीचा गंध नसलेली माणसं दुकानात जाऊन खोकं हातात घेत आणि बरोबर त्याच अक्षरावर बोट ठेवत. काका समोरून हे बघत. त्या काळात त्यांची चाल जरा ताठ झाली होती.

पार्टवाला काही दुधखुळा नव्हता. माल परत का येतो याचा त्याने माग काढलाच असणार. तो काकांशी भांडला नाही. फक्त लेबलांचं काम देणं बंद केलं.

काकांनी त्या दिवशी पेढे आणले. छापखान्यात काम नव्हतं, तरी पेढे आणले. "सुटलो, स्टोअर," ते मला म्हणाले. "आता उलटा खिळा बसवावा लागणार नाही." दगडूने दोन पेढे एकदम तोंडात टाकले. मी एक घरी नेला. आम्हा तिघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की पार्टवाला लेबलांवाचून धंदा कसा करणार आहे.

चाकणच्या एका डॉक्टरांची जुनी विलायती गाडी आमच्याकडे ब्रेकला आली. दगडूने नव्या वाट्या मागवल्या. खोकं आलं तेव्हा मी तिथेच होतो. त्याने खोकं उजेडात धरलं आणि समाधानाने मान हलवली. "वाटी पालथी हाय. माल खरा हाय." वाट्या बसवल्या, नियमाप्रमाणे पहिली फेरी मारली, ब्रेक चोख लागला. डॉक्टर बाहेरगावी होते म्हणून गाडी काही दिवस आमच्याच दारात उभी राहिली. खोटं रबर ब्रेकच्या तेलात हळूहळू फुगतं, लगेच नाही. तेवढे दिवस त्याला पुरले.

डॉक्टर परतल्यावर दगडू गाडी पोचवायला निघाला. महाळुंग्याच्या अलीकडे ओढ्यावर रस्ता उतरतो. पुढे कांद्याची बैलगाडी चालली होती. तो गाडीवान नंतर सांगत होता, "मिस्त्री लांबूनच वरडत व्हता, सरा, सरा म्हून. पाय मारत व्हता, पर गाडी थांबंना." दगडूने गाडी रस्त्याच्या बाजूला, बाभळीवर घातली. बैलांना आणि गाडीवानाला काही झालं नाही. दगडू जागीच गेला.

खोकं अजून माझ्या टेबलावर होतं. मी ते काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी ते उलटं धरलं आणि बराच वेळ बघितलं. मग लेबल सोडवलं आणि मागच्या बाजूने त्यावर बोट फिरवलं.

"खिळा कागदात रुततो," ते म्हणाले. "मागून बोटाला उंचवटा लागतो. हे गुळगुळीत आहे. हे पुण्याचं ऑफसेटचं काम आहे. शब्दही बरोबर छापलाय."

"म्हणजे माल खोटाच?"

"माल तोच. फक्त अक्षर सुलटं." त्यांनी लेबल खाली ठेवलं. "मी खोट्याला खूण केली, स्टोअर. त्यामुळे जिथे खूण नाही ते सगळं खरं ठरलं. त्या पार्टवाल्याला माझ्याइतका उपयोग कुणाचाच झाला नसेल."

हे सुचायला हवं होतं, पण ते मलाही सुचलं नव्हतं, आणि दगडूला सुचायचा प्रश्नच नव्हता. ज्या एका अक्षराचा त्याला अभिमान होता, त्यानेच त्याला फसवलं होतं.

दहावा झाल्यावर दगडूची बायको गॅरेजात आली. मालकाने तिला बसायलाही सांगितलं नाही, म्हणून मी तिला काकांकडे घेऊन गेलो. ती रडत नव्हती. तिला एकच गोष्ट विचारायची होती.

"लोकं म्हणत्यात, मिस्त्रीनं डुप्लिकेट माल घातला. पैसं खाल्लं म्हणत्यात. काका, ते सकाळी मला सांगून गेलं व्हतं, वाटी पालथी हाय, माल खरा हाय. त्यांनी बगितलं व्हतं. तुमी सांगा की सगळ्यास्नी, त्यांनी बगितलं व्हतं म्हून."

मिस्त्रीच्या मागे दुसरं काही राहत नाही, हाताचं नाव तेवढं राहतं. तिला ते परत हवं होतं. आणि ते द्यायचं तर उलट्या खिळ्याची सगळी हकिकत चारचौघांत सांगावी लागणार होती. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी काकांकडे पाहिलं, पण नको असं म्हणाल्या नाहीत.

"सांगतो," काका म्हणाले. "छापूनच सांगतो."

त्यांनी हँडबिल जुळवायला घेतलं. वरच्या बाजूला जाहिरातींसाठी असतो तो मोठा लाकडी टाइप वापरून एकच अक्षर छापलं, सगळ्यांना दिसावं म्हणून, उताणी वाटी. खाली मराठीत साधा मजकूर होता. ही खूण मी करत असे. ही खूण असलेला माल खोटा होता. खूण नसलेला मालही खोटा असू शकतो हे मी कुणाला सांगितले नाही. दगडू मिस्त्री यांनी खूण पाहूनच माल बसवला. दोष त्यांचा नाही, माझा आहे. त्याखाली स्वतःचं पूर्ण नाव आणि छापखान्याचा पत्ता.

ते कागद त्यांनी स्वतः वाटले. पिशवी खांद्याला लावून गॅरेज ते गॅरेज फिरले. पिंपरी, आकुर्डी, निगडी, चाकण. मी एक दिवस त्यांच्याबरोबर गेलो आणि पुन्हा गेलो नाही, कारण बघवत नव्हतं. लोक कागद घेत, वरचं मोठं अक्षर बघून कुठल्या तरी नव्या दुकानाची जाहिरात समजत आणि हात पुसत. एका टपरीवर त्यातच भजी बांधून दिली. आमच्या मालकाने तर कागद चुरगळून टाकला. "मेलेल्याला आता काय फरक पडणार आहे? आणि जिवंत माणसाला कशाला वाचायला लावता?" असं तो म्हणाला. काही जणांनी मात्र वाचला. त्यांनी दगडूबद्दल वावगं बोलणं थांबवलं आणि काकांबद्दल सुरू केलं. पोलीस चौकीवर काकांना बोलावून दिवसभर बसवून ठेवलं आणि सोडून दिलं. पार्टवाल्याने काही आठवडे दुकान बंद ठेवलं, मग नवी पाटी लावून उघडलं. काकांकडे मात्र लग्नपत्रिका यायची थांबली. ज्याने खोटं छापलं त्याच्याकडून शुभकार्याचं कोण छापून घेणार? लोकांना मी दोष देत नाही, पण मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

'वाचणारा वाचेल' हे मी त्यांच्या तोंडून त्यानंतर ऐकलं नाही.

वर्षभरात मशीन विकलं गेलं. खिळे वजनावर गेले. शिसं होतं, वितळवून दुसरं काही तरी झालं असेल. काका-काकू मुलीकडे नाशिकला गेले आणि तिकडेच काही काळाने काका वारले, हे मला उशिरा कळलं. छापखान्याच्या जागी आता टायरचं दुकान आहे. मी अजूनही काडेपेटी हातात आली की उलटी धरून बघतो. नातवंडं हसतात.

पण मला काका आठवतात ते निघण्यापूर्वीचे. जायच्या आधी त्यांना एकदा तळवड्याला जायचं होतं. मी त्यांना घेऊन गेलो. दगडूच्या घरात भिंतीवर त्याचा फोटो होता, त्याला हार. शेजारी काचेच्या चौकटीत ते हँडबिल लावलेलं होतं. उलटं. सगळा मजकूर डोकं खाली, पाय वर, आणि ते मोठं अक्षर तळाशी.

मला अवघडल्यासारखं झालं. बिचारीला वाचता येत नव्हतं. मी म्हणालो, "वहिनी, ते उलटं लागलंय." आणि सरळ करायला हात पुढे केला.

"असू द्या," ती म्हणाली. "मीच तसं लावलंय. दिलं व्हतं तवा वाटी उताणी व्हती. उताणी मंजी खोटं, हे त्यांनीच मला शिकवलं व्हतं. त्यांच्या शेजारी खोटं कसं लावू? म्हून पालथी करून घेतली. आता खरं हाय न्हवं, काका?"

काकांनी माझा हात धरून खाली केला. मग चष्मा पुसून ते त्या कागदासमोर उभे राहिले आणि आयुष्यभर वाचत आले तसं त्यांनी ते वाचलं. एकेक अक्षर, सावकाश, शेवटी छापलेल्या स्वतःच्या नावासकट. बिस्किटाच्या पुड्यावरची वेलांटीही सुटू न देणारा हा माणूस, आता काहीतरी म्हणणार म्हणून मी वाट बघत राहिलो.

"बरोबर लावलंय, पोरी," ते म्हणाले. "यात चूक नाही."